'द' कुठे लावायचा, कुठे गाळायचा?

प्रश्न : मी एका पतसंस्थेच्या शाखेत कामाला आहे. गेल्या वर्षापासून मुख्य कार्यालय, ऑडिटर, बँका यांच्याशी पत्रव्यवहार इंग्रजीतून करावा लागतो. काळ चुकत नाहीत, स्पेलिंग चुकत नाही. पण मसुदा साहेबांकडे गेला की लाल शाईत कुठे 'द' घातलेला, कुठे खोडलेला असा परत येतो. कारण विचारलं तर 'कानाला बरं वाटत नाही' एवढंच उत्तर. शाळेत सूर्य, चंद्र, नद्या, पर्वत, धर्मग्रंथ अशी यादी पाठ केली होती, पण आमच्या पत्रांत नद्या आणि पर्वत येतच नाहीत! याला काही धरबंद आहे का? ऑडिटरला लिहिलेल्या एका पत्राचा उतारा सोबत जोडला आहे. आणि पेपरातल्या मथळ्यांत 'द' औषधालाही नसतो, मग आम्हीच का लिहायचा? — एक वाचक, लातूर

उत्तर : नमस्कार. धरबंद आहे. साहेबांचा कान बहुतेक वेळा बरोबर असेल, फक्त कानाला कारण सांगता येत नाही. ते इथे सांगतो.

शाळेतली यादी खोटी नाही. पण ती विशेषनामांची यादी आहे आणि 'द'चं खरं काम चालतं ते साध्या नामांपाशी : लेटर, मॅनेजर, ब्रँच, प्रिंटर, रेकॉर्ड. तिथे बघायचं असतं ते एवढंच, की वाचणाऱ्याला 'कोणतं?' असा प्रश्न पडेल का? पडणार नसेल तर 'द'. पडणार असेल, आणि तुम्हालाही त्याचं उत्तर इतक्यात द्यायचं नसेल, तर 'अ' किंवा 'ॲन'.

बहुतेकांचं गाडं अडतं ते 'विशिष्ट वस्तू असेल तर द' या शाळेतल्या वाक्यामुळे. विशिष्ट कुणाला? काल तुम्ही स्कूटर घेतली. ती तुमच्या दारात उभी आहे, तिचा रंग, नंबर, हप्ता सगळं तुम्हाला पाठ आहे. तुमच्या दृष्टीने तिच्याइतकी विशिष्ट वस्तू दुसरी नाही. तरी मैत्रिणीला सांगताना 'आय बॉट अ स्कूटर' असंच म्हणायचं, कारण तिला ती अजून ठाऊक नाही. पुढच्याच वाक्यात मात्र 'द स्कूटर इज ब्लू', कारण आता तिलाही कळलं की बोलणं कोणत्या स्कूटरचं चाललंय. 'द' लावताना ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते बघायचं, आपल्या डोक्यात काय आहे ते नाही. मसुद्यातल्या निम्म्या चुका इथेच होतात. आपण महिनाभर ज्या फायलीत बुडालेले असतो, ती समोरच्यालाही माहीत आहे असं धरून लिहून जातो.

मराठीत 'द' नाही म्हणून हा भेद आपल्याला परका आहे, असंही नाही. आपण तो रोज करतो, शब्दांची जागा बदलून. 'टेबलावर फाइल आहे' आणि 'फाइल टेबलावर आहे' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात कुठलीशी फाइल दिसली. दुसऱ्यात, जी शोधत होतो ती सापडली. इंग्रजीत पहिलं 'देअर इज अ फाइल ऑन द टेबल', दुसरं 'द फाइल इज ऑन द टेबल'. टेबल दोन्हीकडे 'द टेबल'च, कारण ते समोर आहे, कोणतं ते कुणी विचारणार नाही.

'ला' हा प्रत्ययही तेच काम करतो. 'साहेब शिपाई शोधताहेत' म्हणजे जागा रिकामी आहे, भरायची आहे. 'साहेब शिपायाला शोधताहेत' म्हणजे शिपाई चहाला गेलाय. पहिल्याला 'अ पिऊन', दुसऱ्याला 'द पिऊन'. 'तो बायको शोधतोय' आणि 'तो बायकोला शोधतोय' यांतला फरक तर शेंबड्या पोरालाही कळतो. (नात्याच्या माणसांपाशी इंग्रजी 'द' न लावता 'हिज वाइफ' म्हणते, एवढं वेगळं.) तेव्हा अडलात की वाक्य आधी मराठीत मनाशी म्हणा. 'एक' किंवा 'कुठलातरी' खपत असेल तर 'अ'. 'तो', 'ती', 'ते' खपत असेल तर 'द'.

या कसोटीची एक मर्यादा आहे. मराठीतला 'तो' बोट दाखवतो, 'द' तेवढा जोर लावत नाही. 'मी बँकेत जाऊन येते' यात आपण 'त्या बँकेत' म्हणत नाही, तरी इंग्रजीत 'आय ॲम गोइंग टू द बँक' हवं. म्हणून शेवटचा निवाडा 'कोणती?' या प्रश्नावर. तुमची बँक कोणती हे घरातल्याला ठाऊक आहे, तो विचारणार नाही, 'द' लावा.

ऐकणाऱ्याला कोणतं ते कळतं कसं? आधी उल्लेख झाला म्हणून, हे झालंच. वस्तू समोर असते म्हणून : 'शट द डोअर'. दोघांच्या जगात ती एकच असते म्हणून : सोसायटीत 'द वॉचमन', शाखेत 'द मॅनेजर', जिल्ह्यात 'द कलेक्टर', सगळ्यांच्या डोक्यावर 'द सन'. शाळेतल्या यादीतला सूर्य इथे येतो, आणि कलेक्टरही त्याच नियमाने येतो! पुष्कळदा संपूर्ण वस्तूचा उल्लेख झाला की तिचे भाग आपोआप ओळखीचे होतात. 'आय रिसीव्ड अ लेटर' असं लिहिल्यावर लगेच 'द डेट', 'द सिग्नेचर', 'दी एन्व्हलप' लिहिता येतं. सहीचा आधी उल्लेख नव्हता, पण पत्र म्हटलं की सही आलीच. 'पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द' एवढंच पाठ केलेले लोक इथे 'अ सिग्नेचर' लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटतं, पत्रावर चार-पाच सह्या असाव्यात.

उरलेला मार्ग म्हणजे नामाच्या पाठोपाठ येणारं वर्णन : 'द लेटर यू सेंट ऑन मंडे', 'द मॅनेजर ऑफ द लातूर ब्रँच'. इथे फार जण फसतात. मागे 'ऑफ' आला की पुढे 'द' ठोकायचा, असा एक अर्धवट नियम क्लासमध्ये शिकवतात. वर्णनाने वस्तू एकटी पडली पाहिजे, तरच 'द'. 'द चेअरमन ऑफ द कमिटी' बरोबर, कारण अध्यक्ष एकच. 'द मेंबर ऑफ द कमिटी' लिहिलंत तर त्या कमिटीत एकच सभासद आहे असा अर्थ निघेल. तिथे 'अ मेंबर ऑफ द कमिटी'. तसंच 'अ कस्टमर हू केम येस्टरडे' : काल पन्नास ग्राहक आले होते, त्यांतला कुणी एक.

काही शब्दांच्या पोटातच 'एकच' हा अर्थ असतो, म्हणून ते 'द' घेऊनच येतात : फर्स्ट, बेस्ट, लार्जेस्ट, ओन्ली, सेम. यांतला 'सेम' आपल्याकडे सर्रास उघडा फिरतो, कारण मराठीत 'सेम टू सेम' रुळलाय. 'वी हॅव सेम प्रॉब्लेम' असं लिहू नका, 'द सेम प्रॉब्लेम' लिहा. 'दी ओन्ली ब्रँच इन द डिस्ट्रिक्ट' बरोबर, पण एकुलतं एक अपत्य मात्र 'ॲन ओन्ली चाइल्ड', कारण अशी मुलं जगात पुष्कळ आहेत.

'नेक्स्ट' आणि 'लास्ट' नीट बघून घ्या, तुमच्या कामात रोज लागतील. आजपासून मोजत असाल तर 'द' नको : 'नेक्स्ट मंडे' म्हणजे येणारा सोमवार, 'लास्ट इयर' म्हणजे गेलं वर्ष. दुसऱ्या एखाद्या दिवसापासून मोजत असाल, किंवा एखाद्या मुदतीतला शेवटचा भाग सांगत असाल, तर 'द' हवा : 'ही जॉइन्ड ऑन 5 जून अँड लेफ्ट द नेक्स्ट डे', 'द लास्ट वीक ऑफ मार्च'. मार्चअखेरच्या पत्रात 'लास्ट वीक' असं नुसतं लिहिलंत, तर वाचणारा गेला आठवडा समजेल आणि मुदतीचा घोळ होईल.

आता 'द' कुठे नको ते. सरसकट बोलताना, म्हणजे सगळ्या जातीबद्दल बोलताना, अनेकवचनी नाम आणि न मोजता येणारं नाम उघडंच राहतं. 'ओनियन्स आर एक्स्पेन्सिव्ह' म्हणजे कांदा महागलाय. 'दी ओनियन्स आर रॉटन' म्हणजे तुम्ही आणलेले हे कांदे सडके निघाले. लाइफ, लव्ह, करप्शन, एज्युकेशन, नेचर, गॉड या सगळ्यांना एरवी 'द' नाही. भाषणांत आणि निबंधांत 'वी मस्ट सर्व्ह द सोसायटी' हे वाक्य हमखास असतं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यात पाण्याची टाकी आणि मेन्टेनन्स दिसेल. समाज म्हणायचं असेल तर नुसतं 'सोसायटी'. पण यातल्याच नामाला मागून बांध घातला की 'द' परत येतो : 'द लाइफ ऑफ अ फार्मर', 'दी एज्युकेशन ही रिसीव्ह्ड इन लातूर'.

सवयीने 'द' घेणारे काही शब्द याला अपवाद आहेत. नेचर उघडं, पण 'दी एन्व्हायरन्मेंट'. 'वॉच टीव्ही', पण 'लिसन टू द रेडिओ'. 'दी इंटरनेट', 'द वेदर', 'द पोलीस', 'द पब्लिक', 'दी इकॉनॉमी', 'द गव्हर्नमेंट'. यातलं काही ताणून नियमात बसवता येईल (पर्यावरण एकच, सरकार एकच), पण मग निसर्ग काय दोन आहेत? पाठ करून टाका.

एकवचनी मोजता येणारं नाम मात्र इंग्रजीत, पुढे येणारे ठरीव अपवाद सोडले तर, कधी नागडं सोडायचं नाही. 'अ', 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी', काहीतरी पुढे हवंच. 'आय ॲम टीचर', 'प्रिंटर इज नॉट वर्किंग', 'देअर इज डिले' ही आपली नेहमीची वाक्यं याच नियमावर आपटतात. उलट 'माय', 'अवर', 'धिस' किंवा मालकी दाखवणारा 'स' किंवा 'ज' ('मॅनेजर्स', 'मुंबईज') आला की त्यांचं वजन 'द'चं काम करून जातं, वेगळा 'द' नको. 'द मॅनेजर्स केबिन' यात 'द' आहे, पण तो मॅनेजरचा आहे, केबिनचा नाही. म्हणूनच 'द मुंबईज ट्रॅफिक' चूक : मुंबईला 'द' लागत नाही.

जागांकडे वळतो, कारण इथे खुलासा न करता खोडाखोड फार होते. स्कूल, कॉलेज, हॉस्पिटल, प्रिझन, बेड : ज्या कामासाठी ती जागा असते त्याच कामासाठी गेलात तर 'द' नाही. मुलगा 'गोज टू स्कूल', पण आई फी भरायला 'गोज टू द स्कूल'. आजारी माणूस 'इन हॉस्पिटल', भेटायला जाणारा 'ॲट द हॉस्पिटल'. अमेरिकेत मात्र आजारी माणसालाही 'इन द हॉस्पिटल' म्हणतात, तेव्हा तिकडच्या मेलमध्ये तसं दिसलं तर लाल शाई काढू नका. ही सवलत थोड्याच शब्दांना आहे. मार्केट, बँक, पोस्ट ऑफिस, स्टेशन, टेम्पल, थिएटर यांना ती नाही. आपण 'आय ॲम गोइंग टू मार्केट' म्हणतो, कारण मराठीत 'बाजारात जाते' यात काही लागत नाही. इंग्रजीत 'टू द मार्केट'. होम आणि वर्क मात्र नेहमी उघडे : 'गो होम', 'ॲट वर्क'.

ऑफिसचं जरा जपून. 'ही इज नॉट इन ऑफिस' याचा पक्का अर्थ 'तो सत्तेवर नाही' असा होतो. मंत्री 'इन ऑफिस' असतात. साहेब जागेवर नसतील तर 'नॉट इन दी ऑफिस'.

तुमच्या पत्रव्यवहारातले जोडशब्द हा खरा खजिना आहे, आणि व्याकरणाच्या पुस्तकात ते एका जागी सहसा मिळत नाहीत. बाय पोस्ट, बाय चेक, इन कॅश, इन ॲडव्हान्स, ऑन लीव्ह, ऑन ड्यूटी, अंडर रिपेअर, ऑन टाइम, इन रायटिंग : हे सगळे उघडे. ऑन बिहाफ ऑफ, इन फेव्हर ऑफ, इन रिस्पेक्ट ऑफ, ऑन अकाउंट ऑफ, बाय मीन्स ऑफ, इन ल्यू ऑफ : यांतही 'द' नाही. पण ऑन द बेसिस ऑफ, इन दी ॲब्सेन्स ऑफ, फॉर द पर्पज ऑफ, विथ द हेल्प ऑफ, ॲट द टाइम ऑफ, इन द मीनटाइम : इथे हवाच. तर्काने हे दोन गट वेगळे करायला जाऊ नका, यादी आहे तशी भिंतीला लावा. एका जोडीत मात्र 'द'ने अर्थच पालटतो. 'इन केस ऑफ डिफॉल्ट' म्हणजे हप्ता थकलाच तर. 'इन द केस ऑफ धिस बॉरोअर' म्हणजे या कर्जदाराच्या बाबतीत. दोन्ही एकाच पत्रात येऊ शकतात, आणि तिथे कानावर भरवसा चालत नाही.

असंच दुसरं जोडपं : 'द नंबर ऑफ डिफॉल्टर्स हॅज रिझन' म्हणजे थकबाकीदारांचा आकडा वाढला, क्रियापद एकवचनी. 'अ नंबर ऑफ डिफॉल्टर्स हॅव पेड' म्हणजे बऱ्याच थकबाकीदारांनी भरणा केला, क्रियापद अनेकवचनी.

क्रमांक लावलेल्या वस्तूला 'द' नको, कारण क्रमांकानेच ती ठरते : टेबल 4 (म्हणजे तक्ता), पेज 10, रूम 5, प्लॅटफॉर्म 3, ॲनेक्स्चर 2. अशा ठिकाणी 'द' घातलेला अहवाल लगेच ओळखू येतो. तारखेचं थोडं वेगळं आहे. बोलताना 'द थर्टी-फर्स्ट ऑफ मार्च', लिहिताना नुसतं '31 मार्च'. वारांना, महिन्यांना, सणांना नाही : ऑन मंडे, इन जून, ॲट दिवाळी. 'इन द मॉर्निंग' पण 'ॲट नाइट'. जेवणांना नाही : आफ्टर लंच. खेळांना नाही, वाद्यांना आहे : 'प्ले क्रिकेट', 'प्ले द तबला'. भाषा उघडी, 'इंग्लिश'. 'दी इंग्लिश' म्हटलंत तर इंग्रज लोक. भावात एककाला 'अ', 'सिक्स्टी रुपीज अ किलो', पण विकायच्या रीतीत 'द', 'मँगोज आर सोल्ड बाय द डझन'. आणि 'जितकं लवकर तितकं बरं' याला 'द सूनर द बेटर', दोन्हीकडे.

विशेषनामं आता थोडक्यात. माणूस, गाव, राज्य, एकटा डोंगर, एकटं तळं यांना 'द' नाही : लातूर, महाराष्ट्र, कळसूबाई, लोणार लेक. नदी, समुद्र, डोंगररांग, बेटांचा समूह यांना आहे : द गोदावरी, दी अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स, दी अंदमान्स. देशांना एरवी नाही, पण नाव अनेकवचनी असेल किंवा त्यात स्टेट्स, किंगडम, रिपब्लिक असं साधं नाम बसलं असेल तर आहे : द नेदरलँड्स, द फिलिपिन्स, द युनायटेड स्टेट्स, 'इंडिया' पण 'द रिपब्लिक ऑफ इंडिया'. हीच किल्ली संस्थांनाही लागते. 'मुंबई युनिव्हर्सिटी' उघडी, 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई'ला 'द'. विद्यापीठ तेच, 'ऑफ' आला म्हणून फरक. कोर्टांना आहे : द सुप्रीम कोर्ट, द बॉम्बे हाय कोर्ट. आगगाडीच्या नावालाही : 'आय टुक द डेक्कन क्वीन'. स्टेशनाचं नाव घेतलंत तर नाही : 'ॲट लातूर स्टेशन', पण नाव न घेता 'ॲट द स्टेशन'.

लघुरूपांत उच्चार बघा. शब्दासारखं एका दमात म्हणतो ते उघडं : नाबार्ड, इस्रो. अक्षरं सुटी म्हणतो त्या सरकारी संस्थांना 'द' : दी आर.बी.आय., द सी.बी.आय., द यू.एन. कंपन्यांना आणि धंद्यातल्या बँकांना सुटी अक्षरं असूनही नाही : टी.सी.एस., एस.बी.आय. तुमच्या पत्रात नाबार्ड आणि आर.बी.आय. शेजारी शेजारी येत असतील, तर एकाला 'द' आणि दुसऱ्याला नाही हे बरोबरच आहे, टाइपिंगची चूक नव्हे.

हुद्द्यापुढे नाव आलं तर 'द' नको : 'कलेक्टर पाटील'. नाव नसेल तर 'द कलेक्टर'. आडनाव अनेकवचनी केलंत तर सगळं कुटुंब : 'द पाटील्स'.

वर कुठे 'द', कुठे 'दी' लिहिलंय, त्याचं कारण पुढचा आवाज. पुढे स्वराचा आवाज असेल तर 'दी', व्यंजनाचा असेल तर 'द'. अक्षर बघायचं नाही, आवाज बघायचा. 'युनिव्हर्सिटी' स्वराने लिहितात पण म्हणताना 'य' येतो, म्हणून 'द'. 'अवर' (तास) एचने लिहितात पण तो एच मुका, म्हणून 'दी'. 'आर.बी.आय.' यातला आर व्यंजन खरा, पण तोंडून निघतं 'आर', म्हणून 'दी'. लिहिताना स्पेलिंग एकच, तेव्हा पत्रात याची काळजी नाही, फोनवर आहे.

आता तुमचा उतारा. तुम्ही लिहिलंय : 'वी रिसीव्ड लेटर फ्रॉम द हेड ऑफिस ऑन द मंडे. लेटर सेज दॅट मॅनेजर ऑफ ब्रँच शुड सेंड द लोन रेकॉर्ड्स बाय द पोस्ट बिफोर द 31 मार्च. मोस्ट ऑफ रेकॉर्ड्स आर रेडी. देअर इज डिले इन द टेबल 4 बिकॉज प्रिंटर इज अंडर द रिपेअर. वी हॅड सेम प्रॉब्लेम द लास्ट इयर. नंबर ऑफ डिफॉल्टर्स हॅज रिझन.'

दुरुस्त होऊन असं : 'वी रिसीव्ड अ लेटर फ्रॉम द हेड ऑफिस ऑन मंडे. द लेटर सेज दॅट द मॅनेजर ऑफ द ब्रँच शुड सेंड द लोन रेकॉर्ड्स बाय पोस्ट बिफोर 31 मार्च. मोस्ट ऑफ द रेकॉर्ड्स आर रेडी. देअर इज अ डिले इन टेबल 4 बिकॉज द प्रिंटर इज अंडर रिपेअर. वी हॅड द सेम प्रॉब्लेम लास्ट इयर. द नंबर ऑफ डिफॉल्टर्स हॅज रिझन.'

पहिलं 'लेटर' ऑडिटरला नवं, म्हणून 'अ'. दुसरं तेच, म्हणून 'द'. 'हेड ऑफिस' तुम्ही बरोबर लिहिलंत, संस्थेला ते एकच असतं. 'मोस्ट रेकॉर्ड्स' लिहिलं असतंत तर 'द' लागला नसता, पण 'मोस्ट ऑफ' म्हटलं की पुढे 'द' हवाच. 'सम ऑफ', 'वन ऑफ' यांचंही तेच. 'डिले' इथे एक विलंब आहे, आणि 'देअर इज'च्या पाठोपाठ नवी गोष्ट येते, म्हणून 'अ'. प्रिंटरबद्दल मात्र तुम्हालाच ठरवायचंय. शाखेत एकच असेल तर 'द प्रिंटर', ऑडिटरने तो पाहिला नसला तरी. दोन असतील आणि एक बंद असेल तर 'वन ऑफ द प्रिंटर्स'. नाहीतर ऑडिटर विचारेल, दुसऱ्यावर का नाही काढलं?

सगळ्या मिळून पंधरा दुरुस्त्या झाल्या : सात 'द' आणि दोन 'अ' घातले, सहा 'द' खोडले. घातलेले बहुतेक साध्या नामांपाशी आहेत. खोडलेल्यांत वार, तारीख, क्रमांक आणि 'बाय पोस्ट'सारखे ठरीव जोडशब्द. म्हणजे जिथे 'द' हवा तिथे तुमचा हात आखडता आणि जिथे नको तिथे सढळ. मसुदा तपासताना दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त एकवचनी नामांखाली रेघ ओढा आणि प्रत्येकापुढे काहीतरी आहे का ते बघा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक 'द'वर बोट ठेवून 'कोणतं?' विचारा, उत्तर पत्रातून किंवा वाचणाऱ्याच्या माहितीतून मिळालं नाही तर 'द' उडवा किंवा 'अ' करा. दोन्ही एकाच फेरीत करायला गेलात तर काहीतरी निसटतं.

सरावासाठी इंग्रजी पेपरातल्या अग्रलेखाचा एक परिच्छेद घ्या, झेरॉक्स काढा, तिच्यावरचे सगळे 'द', 'अ', 'ॲन' व्हाइटनरने पुसा आणि दुसऱ्या दिवशी भरून मूळ छापील मजकुराशी ताडून बघा. पुसलेली जागा दिसते म्हणून हे सोपं जातं. आठवड्यानंतर कुणाकडून तोच मजकूर रिकाम्या जागा न सोडता टाइप करून घ्या, मग कसोटी लागेल.

मथळ्यांचं म्हणाल, तर तिथे जागा मोजून असते, म्हणून उपपदं ('अ', 'ॲन', 'द') आणि 'इज', 'आर' गाळायची रीतच आहे. पूर्वीची तार, एस.एम.एस., औषधाच्या बाटलीवरची सूचना, दारावरची पाटी यांतही तसंच : 'पुश डोअर', 'शेक बॉटल वेल'. तुमच्या पत्रातही अशी एक जागा आहे, ती म्हणजे विषयाची ओळ. 'सब्जेक्ट : सबमिशन ऑफ लोन रेकॉर्ड्स' असं लिहिलंत तर साहेबांनीही तिथे 'द' घालू नये. खालच्या मजकुरात मात्र 'द लोन रेकॉर्ड्स'.